सिन्नरची बंदिस्ती आणि इटलीतली पाटी

लालबागचा_नातू

मंडळी, मदत हवी आहे. विषय लष्करी इतिहासाचा आहे आणि माझं त्यातलं ज्ञान एनसीसीच्या पहिल्या कॅम्पपाशी संपतं.

आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ट्रंकेत एक धोतरजोडी, गिरणीचा बिल्ला, भजनाची वही, आणि रुमालात गुंडाळलेला सहा टोकांचा पिवळट धातूचा तारा. मध्ये इंग्रजी अक्षरं आणि वर मुकुट, भोवती लिहिलंय 'द इटली स्टार'. रिबिनीचा बोटभर तुकडा शिल्लक आहे. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल.

घरात आजवर एवढंच ठाऊक की आजोबा 'पाच मराठ्यात' होते आणि लढाईच्या वेळी 'सिन्नरला' होते. आजी सांगायची, "सिन्नरच्या बंदिस्तीवर ह्यांचा जोडीदार गेला." सिन्नरजवळ देवळाली, देवळालीला कॅम्प, म्हणून आम्ही समजून चाललो की सरावात काही अपघात झाला असेल. बाबा तर म्हणायचे, आमच्या बापाने लढाईभर देवळालीत भाकऱ्या थापल्या. आजोबा समोर असायचे आणि नुसते हसायचे म्हणे.

आता दुसरी बाजू. चुलतभाऊ इटलीत पेरुजाला शिकतो. त्याने तिथून जवळच्या माँटोन गावातले फोटो पाठवले. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक), त्यांच्या नावाचं स्मारक. जुलै २०२३ मध्ये उभारलंय. स्मारक म्हणजे चक्क सावलीचं घड्याळ, आणि लॅटिनमध्ये एक ओळ, अर्थ साधारण 'आपण सगळे एकाच सूर्याखाली'. घाडगे 'पाच मराठा'चे, दहाव्या इंडियन डिव्हिजनमधले, माणगावकडचे. आम्ही पेणकडचे. झालं! फॅमिली ग्रुपवर दोनाला दोन जोडून पाच झाले. गावच्या घराच्या ओटीवर संगमरवरी पाटी लावायचं ठरलं आणि मजकूरही तयार:

'दुसऱ्या महायुद्धात दहाव्या इंडियन डिव्हिजनमधून व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे यांच्या खांद्याला खांदा लावून लढले.'

आत्याला हे वाचून भरून आलं. मला मात्र खटकतंय, आणि का ते सांगता येत नाहीये. कोरायला टाकण्याआधी जाणकारांनी बघा.

---

चिंचपोकळी_फास्ट

ट्रंकेचे फोटो टाका राव. बाकी वाचतोय.

---

बेळगाव_रिटायर्ड

नातूसाहेब, खटकतंय ते बरोबरच आहे. लगेच कोरू नका.

'पाच मराठा' ही रेजिमेंट. दहावी ही डिव्हिजन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरी ठरत नाही. तुम्ही लालबागचे, म्हणून गिरणगावच्या भाषेत सांगतो. रेजिमेंट म्हणजे गाव आणि डिव्हिजन म्हणजे गिरणी. एका गावची माणसं मुंबईत आली की कुणी या गिरणीत लागायचा, कुणी त्या. राहायची मात्र गावकऱ्यांच्या एकाच खोलीत, आणि गणपतीला सगळी एकत्र गावी. आमची ती खोली म्हणजे बेळगावचं रेजिमेंटल सेंटर. लढाईला पलटणी वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये वाटल्या जायच्या आणि कित्येकदा एकमेकींना वर्षानुवर्षं दिसायच्यादेखील नाहीत.

पलटण म्हणजे आठेकशे माणसं. अशा साधारण तीन पलटणींची एक ब्रिगेड, त्यातली एक बहुधा गोऱ्यांची. तीन ब्रिगेडी, तोफखाना, सॅपर्स (पूल-रस्ते-सुरुंगवाले), दवाखाने, खेचरं-गाड्या मिळून डिव्हिजन. पंधरा हजारांच्या आसपास माणूस. त्यामुळे 'अमुक डिव्हिजनमध्ये होते' यातून एखाद्या माणसाबद्दल फार काही कळत नाही. पाटीवर डिव्हिजन लिहितात ती सेनापतींच्या सोयीने. घरी आलेला जवान डिव्हिजनचं नाव कधी घेत नाही, तो पलटणच सांगतो.

यशवंत घाडगे ३/५ मराठाचे, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. ती दहाव्या डिव्हिजनमध्ये होती हे खरं. पण इटलीत मराठ्यांची पहिली पलटण, १/५, हीसुद्धा होती आणि ती होती आठव्या इंडियन डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये, रॉयल वेस्ट केंट आणि ३/१५ पंजाबच्या बरोबर. इटली स्टार तर त्या आघाडीवर गेलेल्या कुणालाही मिळे, मग तो स्वयंपाकी असो की सुभेदार. ताऱ्यावरून पलटण कळणार नाही. कागद शोधा. शोधाच.

---

लालबागचा_नातू

सुभेदारसाहेब (सुभेदार असाल असं धरतो), गिरणीची उपमा डोक्यात बसली. आमच्या खोलीतच सात माणसं पाच गिरण्यांत होती.

पण मग घाडग्यांचं नाव काढून टाकायचं? ग्रुपवर दंगल होईल.

---

बेळगाव_रिटायर्ड

नायब सुभेदार. एवढी बढती आता नको.

घाडग्यांनी काय केलं ते ग्रुपवर टाका, म्हणजे 'खांद्याला खांदा' हे शब्द आपोआप गळून पडतील. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांचा सेक्शन, म्हणजे दहाएक माणसांची तुकडी, मशीनगनच्या तोंडी सापडला, अगदी जवळून. सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेतली, ग्रेनेडने गन आणि गनर उडवला, टॉमीगनने आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. वय बावीस.

शेवटच्या क्षणी त्यांच्या खांद्याला खांदा लावायला कुणी उरलंच नव्हतं, हीच तर त्या पदकामागची हकिकत. त्यांची कबर सापडलेली नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि माणगावात पुतळा आहे.

---

चिंचपोकळी_फास्ट

गोव्याला जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासतासभर अडकलोय दरवेळी. पुतळ्याची गोष्ट आज कळली.

---

तिरकस_टोपी

एक अप्रिय प्रश्न. इकडे ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवरून 'चले जाव' म्हणत होतो आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत ही माणसं तिकडे इंग्रजांच्या पगारावर इटलीत लढत होती. गौरव नेमका कशाचा? माँटोनवाल्यांनी आभार मानावेत, त्यांचं गाव मोकळं झालं. आपण ओटीवर पाटी का लावायची?

---

गिरणगावची_लेक

तिरकसराव, प्रश्न अप्रिय नाही, पण अर्धाच विचारलात. १९४३-४४ साली कोकणातल्या पोराला पर्याय काय होते तेही विचारा. शेतीचा तुकडा भावांत वाटलेला, गिरणीत बदली कामगार म्हणून रोज दारात उभं राहायचं, नाहीतर भरती. माझे सासरे सांगायचे, भरतीत पहिल्यांदा पायाला मापाचे बूट मिळाले. आणि तीच पिढी परत आल्यावर, फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांनी बंड केलं तेव्हा, याच लालबाग-परळातले कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले आणि गोळ्या खाल्ल्या. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही मावतं हो. पाटीवर गौरव लिहूच नका हवं तर. कुठे होता एवढं लिहा.

---

तिरकस_टोपी

'कुठे होता एवढं लिहा' हे मान्य. 'खांद्याला खांदा' अमान्यच.

---

फोर्टातला_कारकून

पाट्यांवरून आठवलं. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये कुणी नीट वाचलंय का? पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधमध्ये, १८३८ ते १८४३, जे मेले त्यांच्यासाठी बांधलेलं. तिथल्या लेखाचा आशय असा: अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर लिहिली आहेत, आणि साधे शिपाई इतके आहेत की त्यांची नोंद करता येत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. लिहिणाऱ्याने निदान कबूल तरी केलंय.

पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव जे दगड बसवले त्यांचीही तीच तऱ्हा. 'या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.' दोन आकडे. नाव एकाचंही नाही. आमच्या गावी त्या दगडावर शाळेची मुलं दप्तरं ठेवतात. (मीही ठेवलंय.)

मशीद बंदरला सेलर्स होममध्ये खलाशांचं स्मारक आहे, पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर भारतीय खलाशांचं. कामाच्या गर्दीत हातगाड्यांमधून वाट काढत जावं लागतं, पण जाऊन बघा.

---

बेळगाव_रिटायर्ड

कारकूनसाहेब, मुंबईचा विषय काढलाच आहे तर सांगतो. ही 'जंगी पलटण', म्हणजे आपली १/५, मूळची मुंबईचीच. १७६८ साली कंपनीने मुंबईच्या रक्षणाला शिपायांची पलटण उभी केली, तीच ही. पुढे तिचं नाव १०३ मराठा झालं, आणि १९२२ च्या फेररचनेत १/५. घाडग्यांची ३/५ म्हणजे आधीची ११० मराठा.

आता गंमत बघा. 'एका डिव्हिजनमध्ये खांद्याला खांदा' हे या दोन पलटणींच्या बाबतीत एकदा खरं होतं, पण इटलीत नव्हे, तीस वर्षं आधी. सहावी पुणे डिव्हिजन, मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ अशा मराठ्यांच्या तीनही पलटणी त्या एका डिव्हिजनमध्ये होत्या. तिची पहिली ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून जहाजात चढली आणि ६ नोव्हेंबरला फाओला उतरली. वर्षभर जिंकत जिंकत बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मार खाल्ला आणि मागे हटत कुत-अल-अमाराला आले. ७ डिसेंबरपासून वेढा. १४७ दिवस. घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आणि आमच्या लोकांनी धर्माचं म्हणून ते मांस बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. कैदेत किती मेले ते वाचवत नाही.

म्हणून डिव्हिजनच्या पाटीबद्दल मी जरा कडू बोलतो. 'पुणे डिव्हिजन कुत येथे शरण गेली' हे एक वाक्य. त्याखाली तीन जिल्ह्यांतली घरं गाडली गेली.

---

फोर्टातला_कारकून

आणि तिथले जखमी मुंबईतच उतरवत. टेसिफोननंतर नदीतून बसऱ्याला आणलेल्यांची अवस्था इतकी भयानक होती की कार्टर नावाच्या मेजर डॉक्टरने ती वर कळवली आणि त्याच्यावरच डोळे वटारले गेले. लांबून त्याला वाटलं, बोटीच्या कडेने दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती हगवणीची घाण होती. डेकवर दाटीवाटीने पडलेल्या जखमींना हलताच येत नव्हतं. पुढे चौकशी आयोगाच्या १९१७ च्या अहवालात हे सगळं आलं.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची घुमटाची इमारत तेव्हा नुकती बांधून झाली होती, तिथे युद्धकाळात लष्करी इस्पितळ होतं. म्युझियम म्हणून उघडली थेट १९२२ ला. शाळेची सहल घेऊन जातो आपण, मुलांना मूर्ती दाखवतो.

---

खारेपाट

उशिरा आलो, पण मला पहिल्या पोस्टमधलाच एक शब्द सोडेना. नातूदादा, तुमची आजी 'सिन्नरची बंदिस्ती' म्हणायची?

दादा, सिन्नरला बंदिस्ती कुठून? सिन्नर म्हणजे कोरडा दुष्काळी तालुका. बंदिस्ती हा आपला शब्द आहे, खारेपाटातला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा उंच बांध. दोन्ही अंगांनी उतार, वरून चालायला वाट. उधाणाला तो फुटला की सगळं गाव चिखल-पेंढा घेऊन धावतं. पेणकडचा माणूस बंदिस्ती म्हणाला तर त्याने पाण्याकडेचा उंच मातीचा बांधच पाहिलेला असणार. सिन्नरच्या माळावर तो दिसणं शक्य नाही.

इटलीत अशी काही नदी आहे का, जाणकारांनी सांगावं.

---

बेळगाव_रिटायर्ड

अहो, आहे! मला आधीच सुचायला हवं होतं.

सेनिओ. सेनिओ नदी.

उत्तर इटलीच्या सपाटीत या नद्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहतात म्हणा ना. पूर येऊ नये म्हणून दोन्ही काठांना वीस फुटांहून उंच मातीचे बांध. जर्मनांनी बांधाच्या पोटात बिळं खणून ठाणी केली होती, आणि उतारावर सुरुंग पेरले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात काही जागी अशी परिस्थिती की बांधाच्या या अंगाला आपण आणि त्या अंगाला ते.

९ एप्रिल १९४५. दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी झोडपलं, मध्येच मारा थांबवायचा, शत्रू वर आला की पुन्हा सुरू. संध्याकाळी आगीचे फवारे मारणाऱ्या गाड्या बांधाला भिडल्या आणि पायदळ पाण्यात उतरलं. डावीकडे न्यूझीलंडची डिव्हिजन, इकडे आपली आठवी. आठवी म्हणजे १/५ मराठा. घाडग्यांची दहावी त्या बांधावर नव्हती.

त्याच संध्याकाळी १/५ चे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर (निरोप्ये), यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून, सुरुंगांतून मागे आणलं. मग परत फिरून मशीनगनच्या ठाण्यांवर एकटे गेले. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तर ती फेकून दिली आणि ग्रेनेडवर भागवलं. ग्रेनेड संपत आले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर आले, पलीकडच्या जोडीदारांकडून आणखी घेतले, पुन्हा उतरले. तिन्ही ठाणी गप्प केल्यावर तोफगोळे पडत असताना बांधावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्यांना हात करून नदीपार बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस. जिवंतपणी मिळाला. त्याच दिवशी त्याच नदीवर, त्याच आठव्या डिव्हिजनमध्ये, अली हैदर यांनाही.

इटलीत सगळे मिळून २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ भारतीय फौजेला, आणि त्या सहांतले दोन मराठ्यांचे. चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनमधून पन्नास हजारांवर माणसं तिथे गेली होती. ५,७८२ परत आली नाहीत.

नातूसाहेब, तुमचे आजोबा सिन्नरला नव्हते.

---

गिरणगावची_लेक

अंगावर काटा आला. खारेपाटदादा, तुम्हाला दंडवत!

---

चिंचपोकळी_फास्ट

पाच वर्षं या साइटवर आहे. असा प्रतिसाद पाहिला नव्हता. एका शब्दावरून!

---

तिरकस_टोपी

मला आवडलं, पण अजून पुरावा म्हणजे एक शब्द आणि आजीची आठवण. कागद हवा.

---

लालबागचा_नातू

दोन दिवस गायब होतो. सध्या भाड्याच्या खोलीत आहोत, ट्रंक विरारला भावाकडे. काल जाऊन आलो.

भजनाच्या वहीला आजोबांनी खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं. तिरकसरावांमुळे ते उसवून पाहिलं. आतल्या बाजूला तोच कागद दुमडून, उलटा करून वापरलेला. सैन्यातून सोडल्याचा दाखला. शाई विटकी झाली आहे, नाव अर्धं वाळवीने खाल्लंय, पण पलटणीच्या जागी १/५ स्पष्ट आहे. पाचच्या शेपटीवर हळदीचा डाग.

मग आत्याला फोन लावला. तिला काहीच सुचवलं नाही, फक्त विचारलं, आजोबा लढाईचं नाव काय घ्यायचे? ती म्हणाली, "अरे सिन्नर ते कधीच नाही म्हणाले. ते सिन्यो म्हणायचे. सिन्नर आपण केलं. आई म्हणायची त्यांना, नीट बोला, तर म्हणायचे, बरं, सिन्नर."

भाकऱ्या थापल्या म्हणणाऱ्या बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

---

बेळगाव_रिटायर्ड

जंगी पलटण. जय शिवाजी.

दाखल्यावरचा नंबर वाचता येत असेल तर तो घालून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. वारस म्हणून. उत्तराला वेळ लागतो, पण टाका. कागदाला लॅमिनेशन मात्र अजिबात करू नका, कॉपीच्या दुकानातला पोऱ्या कितीही म्हणाला तरी.

---

खारेपाट

आणि तो जोडीदार? आजी म्हणायची तो?

---

लालबागचा_नातू

त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. आत्याला एवढंच आठवतं की दर वर्षी पाडव्याच्या आसपास आजोबा एक मनीऑर्डर करायचे, महाडकडे कुठेतरी. गिरण्यांच्या संपात सगळं बंद झालं तेव्हा तीही थांबली. पावत्या आहेत का बघतोय. ट्रंकेत नाहीत.

बरं, पाटी. कोरणारा अक्षराला चाळीस रुपये घेतो, त्यामुळे ग्रुपवरचा 'खांद्याला खांदा' तसाही परवडणार नव्हता. डिव्हिजन मी काढून टाकली. घाडगेही नाहीत, जाधवही नाहीत. आत्या आधी हिरमुसली, मग मजकूर मोठ्याने वाचून झाल्यावर काही बोलली नाही. ठरलेलं असं: वर आजोबांचं नाव, खाली

'१/५ मराठा, जंगी पलटण.
सिन्योची बंदिस्ती, एप्रिल १९४५.
जोडीदारासह.'

---

फोर्टातला_कारकून

सुंदर. पण नकाशावर 'सेनिओ' आहे. पुढेमागे कुणी शोधायला गेलं तर 'सिन्यो' सापडणार नाही.

---

लालबागचा_नातू

सुचलं होतं. पण आजोबा म्हणायचे तेच ठेवतोय, एकदा बदलून झालंय आमचं. कोरणाऱ्यालाही विचारलं, तो म्हणाला 'न्यो' एकच अक्षर धरतो, जोडाक्षराचे जास्त घेत नाही.